‘झोपलेले जनुक’ आणि तपकिरी चरबी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ‘चरबी जाळणारे जनुक जागे करा!’ हा लेख वाचला. गार पाण्याच्या अंघोळीने तपकिरी चरबीतले, म्हणजे ऊर्जा साठवण्याऐवजी जाळून ऊब देणाऱ्या चरबीतले, जनुक जागे होते असा त्याचा सूर. माझ्या धाकट्या बहिणीने तो माझ्याआधी वाचला आणि भल्या सकाळी फोन केला, ‘ताई, म्हणजे माझं जनुक झोपलंय का गं?’ तोवर तिची गार पाण्याची अंघोळ उरकली होती, दात वाजत होते. मी तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले, त्यामुळे असले प्रश्न माझ्याचकडे येतात. फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून हे पत्र.

दातांपासूनच सुरुवात करते. कुडकुडणे हे स्नायूंचे काम, तपकिरी चरबीचे नव्हे. नवजात बाळाला धड कुडकुडता येत नाही. त्याच्या खांद्यांच्या पात्यांमध्ये तपकिरी चरबीचा एक थर असतो, तोच त्याला ऊब देतो. सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या चरबीची पेशी म्हणजे तेलाचा एकच मोठा थेंब, आणि केंद्रक अंगठीच्या खड्यासारखे कडेला सरकलेले. तपकिरी पेशीत मात्र बारीक बारीक थेंब असतात आणि मधल्या जागेत तंतुकणिकांची, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या बारीक यंत्रांची (मायटोकॉन्ड्रिया), गर्दी. तो रंगही या तंतुकणिकांमधल्या लोहयुक्त प्रथिनांचा. मुले दोन्ही काचपट्ट्या पाहायची आणि विचारायची, ‘बाई, ही दुसरी नक्की चरबीच आहे ना?’

शंका रास्त होती. पीआरडीएम१६ नावाचे एक प्रथिन आहे, पेशीत कोणती जनुके वाचली जावीत, म्हणजे कोणत्या जनुकांवरून प्रथिने बनावीत, हे ठरवणाऱ्यांपैकी एक. बोस्टनमधील संशोधक ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाने २००८ मध्ये होऊ घातलेल्या तपकिरी पेशींमधून ते कमी केले, तर त्या पेशी पांढऱ्या चरबीकडे न वळता स्नायूच्या पेशी होऊ लागल्या. पाठीतली ही तपकिरी चरबी कुळाने स्नायूंची भावंड निघाली.

आता लेखातली मुख्य गफलत. उष्णता निर्माण करणाऱ्या प्रथिनाचे, यूसीपी१चे, जनुक मेंदूच्या पेशीत आहे, यकृतात आहे, पोटावरच्या पांढऱ्या चरबीतही आहे. ते कोणाकडे आहे नि कोणाकडे नाही, असा प्रकारच नाही. प्रश्न आहे तो ते कुठे, केव्हा आणि किती वाचले जाते याचा. हे प्रथिन तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात बसते. एरवी धरणाचे पाणी जनित्रावरून सोडावे तसे प्रोटॉन एटीपी (पेशीच्या कामांना ऊर्जा पुरवणारा रेणू) बनवणाऱ्या यंत्रावरून जातात. यूसीपी१ त्यांना बाजूची वाट मोकळी करून देते. मग एटीपी बनत नाही, ती ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते.

थंडी वाजली की मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे निरोप पोचवणारे रसायन सुटते आणि तपकिरी पेशीत दोन कामे सुरू होतात. पहिले लगेचचे : साठलेल्या थेंबांतून मेदाम्ले सुटतात आणि पडद्यात आधीपासून असलेले यूसीपी१ कामाला लागते. दुसरे सावकाश होणारे : केंद्रकात निरोप जातो, पीजीसी-१-अल्फा हे प्रथिन (तेही स्पीगलमन यांच्याच गटाला १९९८ मध्ये सापडलेले) इतर साथीदारांना घेऊन यूसीपी१चे वाचन वाढवते आणि नव्या तंतुकणिकांची बांधणी सुरू करते. वाचन तासाभरात वाढू शकते, पण पेशीची क्षमता वाढायला थंडी दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे टिकावी लागते. एका बादलीत ते होत नाही. आपल्या लेखात ही दोन्ही कामे एकाच वाक्यात उरकली आहेत, आणि बहिणीची अंघोळ त्या वाक्यामुळे झाली.

लेखात उंदरांचे दाखलेही बरेच आहेत. त्यातला एक सांगायचा राहिला. १९९७ मध्ये यूसीपी१ नसलेले उंदीर तयार केले गेले. ते लठ्ठ होतील अशी सगळ्यांची अपेक्षा, पण झाले नाहीत. प्रयोगशाळेतले वीस-बावीस अंश उंदराला थंडीच वाटतात, त्याला सोयीचे तापमान तिसाच्या आसपास. म्हणजे त्या गारठ्यात अंग ऊबदार ठेवण्यातच त्याची बरीच ऊर्जा खर्च होते. २००९ मध्ये तशाच उंदरांना उबेत ठेवले, तेव्हा ते लठ्ठ झाले. माणूस तर कपडे घालून कायम उबेतच राहतो! म्हणून गारठलेल्या उंदराचे आकडे माणसाला लावताना जरा जपून.

माणसाच्या बाबतीतही खोलीचे तापमान महत्त्वाचे ठरते. २००९ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी १,९७२ रुग्णांची इतर कारणांसाठी काढलेली पेट-सीटी (कोणत्या पेशी जास्त साखर वापरत आहेत ते दाखवणारी) चित्रे तपासली, तेव्हा ७.५ टक्के स्त्रियांत आणि ३.१ टक्के पुरुषांत तपकिरी चरबी दिसली. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये २४ निरोगी पुरुषांना १६ अंशांच्या गारव्यात ठेवून चित्रे काढली, तर २३ जणांत ती सापडली. चरबी होतीच, तिला काम नव्हते. जाड पुरुषांत तिचे काम कमी दिसले हे लेखात आले आहे. पण ती मंद म्हणून ते जाड झाले की जाड झाल्यावर, अंगाला ऊबदार अस्तर मिळाल्यावर, ती मंदावली, हे अशा एकवेळच्या चित्रावरून कळत नाही.

एफटीओ या जनुकाला मात्र आपण पुन्हा ‘लठ्ठपणाचे जनुक’ म्हटलेत, त्याचे वाईट वाटले. २००७ मध्ये त्याच्यातला एक बदल वजनाशी जोडला गेला. आईवडील दोघांकडूनही तो आलेल्यांचे वजन सरासरीने ३ किलो जास्त भरले. पण तो बदल प्रथिनाच्या मजकुरात नाही, मधल्या, प्रथिनाचा मजकूर नसलेल्या पट्ट्यात आहे. २०१४ मध्ये दिसले की हा पट्टा डीएनएच्या घडीतून दूरच्या आयआरएक्स३ या जनुकाला जाऊन भिडतो. २०१५ मध्ये मेलिना क्लॉसनिट्झर आणि मनोलिस केलिस या संशोधकांच्या गटाने पुढचा धागा पकडला. डीएनएच्या मजकुरात टीच्या जागी सी, एवढा एका अक्षराचा फरक! त्यामुळे लगाम धरणाऱ्या प्रथिनाला तिथे नीट बसता येत नाही, आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ ही जनुके जास्त वाचली जातात, आणि घडत असलेली चरबीची पेशी जाळण्याऐवजी साठवण्याकडे झुकते. त्यांनी पेशींमधले ते अक्षर बदलून पुन्हा टी केले, तेव्हा जाळण्याची क्षमता परतली. अर्थात प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या पेशींत. शिवाय या पेशी बाळाच्या पाठीतल्या तपकिरी चरबीच्या नव्हेत, पांढऱ्या चरबीत मिसळून असणाऱ्या फिक्या तपकिरी, ज्यांना बेज म्हणतात, त्या घराण्याच्या.

एवढ्यानेही गोष्ट पुरी होत नाही. २००८ मध्ये स्कॉटलंडच्या शाळकरी मुलांत याच बदलाचा संबंध जास्त खाण्याशी दिसला होता, ऊर्जा कमी खर्च होण्याशी नाही. पेशीतली आच आणि मेंदूतली भूक यांत कोणाचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे. मग माझ्या बहिणीने आपल्या वजनाचा निकाल एका जनुकावरून कसा लावावा?

शेवटी त्या लेखाशेजारच्या चौकटीबद्दल. ‘शरीराची भट्टी पेटवणाऱ्या’ पुड्यांचा तिथे कौतुकाने उल्लेख आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल हे रसायन वजन उतरवायला सर्रास घेतले जाई. यूसीपी१ जे करते तेच तेही करते, फक्त तपकिरी चरबीत नव्हे, तर साऱ्या शरीरात, आणि त्याला थांबवणारा कोणी नसतो. ताप चढत जाऊन माणसे दगावली आणि १९३८ मध्ये तिथे त्यावर बंदी आली. आजही ते चोरून, इंटरनेटवरून, पुडीत विकले जाते. आपल्या चौकटीत कोणत्या पुडीत काय आहे ते दिलेले नाही. पुढच्या रविवारी निदान एवढी दुरुस्ती, त्याच जागी आणि तेवढ्याच टाइपात, छापावी ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका