मोन्तोनेच्या वाटेवर सोबत केलेल्या ताईंना

ताई,

स. न. वि. वि.

पेरुजाहून मोन्तोनेला नुसतं नेऊन सोडलं असतंत, तरी मी तुमचा ऋणी राहिलो असतो. नाईक यशवंत घाडगे दुसऱ्या महायुद्धात जिथे लढले तो मुलूख डोळ्यांनी बघायचा, एवढ्यासाठी मी इटलीत आलो होतो. आमच्या माणगावात तहसील कचेरीसमोर त्यांचा पुतळा आहे. शाळेत जाता-येता तो बघतच आम्ही वाढलो. १० जुलै १९४४ रोजी मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या हाताखालचे सगळे जवान पडले, कुणी ठार, कुणी जखमी. मग मराठा लाइट इन्फंट्रीचा हा २२ वर्षांचा नाईक एकटा चालून गेला. आधी हातबॉम्ब, मग टॉमीगन, आणि मॅगझिन बदलायला उसंत नाही म्हणून नळीकडून धरलेल्या बंदुकीचेच घाव. ठाणं घेतलं आणि तिथेच शत्रूच्या गोळ्यांनी गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. हे सगळं मला तोंडपाठ होतं.

तुम्ही मात्र गाडी आधी उंबेर्तिदेला थांबवलीत. "आधी त्यांचं ऐकून घ्या, मग आपलं सांगा," म्हणालात. तिबेर नदीवरचा पूल पाडायला आलेल्या दोस्त राष्ट्रांच्या विमानांचे बॉम्ब २५ एप्रिल १९४४ ला इथल्या वस्तीवर पडले आणि सुमारे ७० गावकरी गेले. घाडगे ज्या बाजूने लढले, त्याच बाजूची ही विमानं! पुतळ्याखाली उभं राहून मला हे कधीच कळलं नसतं. तिथून निक्कोनेच्या खोऱ्यात पेनेतोला. २८ जूनला जर्मन सैनिकांनी तिथे १२ जणांचा जीव घेतला, घाडग्यांच्या लढाईच्या जेमतेम पंधरवडाभर आधी. त्या खोऱ्यात आपण फारसं बोललो नाही. तुम्ही बोलायला लावलंही नाहीत, त्याचेही आभार.

मोन्तोनेत २०२३ साली घाडग्यांच्या नावाने उभारलेलं सूर्यघड्याळ बघितलं. पण खरी भेट घडवलीत ती त्या आजींची. युद्धात त्या पाच-सहा वर्षांच्या होत्या. तळघरातला अंधार आणि बाहेर पडल्यावर दिसलेले हिंदी सैनिक, एवढंच त्यांना आठवतं. ते पोळ्या भाजायचे आणि पोरांना गरम गरम द्यायचे. इथे उंब्रिया प्रांतात तव्यावर भाजलेली तोर्ता नावाची भाकरी घरोघरी होतेच, त्यामुळे आजींना त्या पोळ्या परक्या वाटल्याच नाहीत. कोण होते ते जवान, कुठल्या पलटणीचे, त्यांना ठाऊक नाही. मीही उगाच "आमचेच असतील" म्हटलं नाही. तुम्ही त्यांचा एकेक शब्द सावकाश, काही न गाळता मला सांगत होतात. त्या रडल्या तेव्हा त्यांचा हात धरून बसलात.

घाडग्यांना कबर नाही. इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे. म्हणून मला वाटायचं, इथे येऊन नमस्कार तरी कुठे करायचा? तुमच्यामुळे तो उंबेर्तिदेत केला, पेनेतोलात केला आणि आजींच्या पायांशीही केला.

पेट्रोलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, याची रुखरुख आहे. भारतात याल तेव्हा कोकण रेल्वेने माणगावला उतरा, स्टेशनवर मी असेन. आईला आजींची गोष्ट तुमच्याच तोंडून ऐकायची आहे.

आपला,
माणगावचा एक प्रवासी