पत्र फ्रिजवर लाव

ती. आईस,
सा. न.

फोनवरचं बोलणं डोक्यात राहत नाही म्हणतेस, म्हणून मोठ्या अक्षरात लिहितेय. हवं तितक्यांदा वाच.

परवा कपाटात चहा पावडरीचे सात पुडे निघाले. "साठी बुद्धी नाठी" म्हणून तू हसलीस, मीही हसले. पण मला ते आधीच कळलं होतं. दोन महिन्यांपूर्वी कोपऱ्यावरच्या वाण्याचा फोन आला होता, "ताई, आईंनी या आठवड्यात तिसऱ्यांदा चहा नेला. त्यांना काही बोललो नाही, म्हटलं तुमच्या कानावर घालावं." त्याच्यामुळे आपण डॉक्टरांकडे गेलो. बी-१२ कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी माणूस असाच विसरतो, म्हणून आधी ते तपासलं. ते ठीक निघालं. मग स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) आहे का ते बघायला तुला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं आणि तू बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने बसवलेस. बाहेर रिक्षात म्हणालीस, "कुणाला सांगू नकोस, वेड लागलं म्हणतील."

आई, एवढं मी ऐकणार नाही. आपल्या देशात साठीपुढची सुमारे ८८ लाख माणसं याच आजारात आहेत, त्यात लाजण्यासारखं काय? तू बंगळूरला येणार नाहीस, हे मी मान्य केलंय. त्या घरात तुला दिवे गेले तरी काडेपेटी सापडते, इथे बाथरूमचं दार शोधत बसशील. पण एकटं राहायचं आणि वर लपवायचंही, हे जमायचं नाही.

म्हणून मी सांगून टाकलंय. रागाव हवं तर. जास्तीची किल्ली समोरच्या काकूंकडे आहे. मावशी सकाळी आल्या की सात कप्प्यांच्या डबीत आदल्या रात्रीचा कप्पा रिकामा झालाय का तेवढं बघतील. गोळीने आजार जात नाही, पण ती चुकवायची नाही. वॉचमनला म्हटलंय, आई अंधार पडल्यावर एकट्या निघाल्या तर अडवू नका, गप्पा मारत थांबवा आणि मला फोन करा. (तो म्हणाला, "गप्पा तर त्याच मारतात.") पर्समधली माझ्या नंबराची चिठ्ठी काढू नकोस. मी फोन उचलला नाही तर १४५६७ लाव, ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८. "पोलीस बोलतोय, खातं बंद होईल" असा फोन आला तर सरळ ठेवून दे. पैसे गेलेच तर लगेच १९३० लाव, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे.

वकिलांचं ऐकून मी चक्रावले. मला वाटत होतं, तुझं मुखत्यारपत्र (तुझ्या वतीने मी व्यवहार करायचा अधिकार) करून घेतलं की काळजी मिटली. तर ते म्हणाले, माणसाची समज गेली की साधं मुखत्यारपत्र कायद्यानेच संपतं! म्हणजे नेमकं लागेल तेव्हा ते हातात नाही. म्हणून मृत्युपत्र आणि बँकेतलं जोडखातं आत्ताच करू, तुला नीट कळतंय तोवर. कुणाला काय द्यायचं ते तू सांगायचंस. बाबांच्या पुस्तकांचंही.

गुरुवारी रात्रीच्या गाडीने निघतेय, शुक्रवारी सकाळी पोचेन. शनिवारी वकील घरी येतील.

तुझी,
ठमी

ता. क. चहाचे चार पुडे मी इकडे घेऊन येईन. वाण्याला म्हटलं परत घे, तर म्हणाला, "राहू द्या ताई, आई विचारतील."