साबुदाणा उपवासाला आला कधी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आषाढी एकादशीच्या पुरवणीतल्या लेखात साबुदाण्याच्या खिचडीला 'हजारो वर्षांची परंपरा' म्हटले आहे. हे चुकीचे आहे. साबुदाण्यातला 'साबू' म्हणजे मलय भाषेतला 'सागू', तिकडच्या एका ताडाच्या गाभ्यातले पीठ. 1942 मध्ये मलाया जपानच्या ताब्यात गेला, तिथून येणारा साबुदाणा थांबला आणि तामिळनाडूत सेलमच्या आसपास टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा होऊ लागला. आज आपण खातो तो हाच. टॅपिओका मूळचा दक्षिण अमेरिकेतला; त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांनी 1880 नंतर त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. खिचडीतली मिरची, शेंगदाणे आणि बटाटाही अमेरिका खंडातलेच. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज.

लेखातल्या कृतीबद्दलही लिहायला हवे. 'भरपूर पाण्यात रात्रभर भिजवा' असे केले, तर खिचडीचा गिच्च गोळा होणारच. साबुदाणा करताना कंद किसून, पिळून, निवळलेल्या ओल्या पिठाच्या गोळ्या तापल्या तव्यावर हलवून भाजतात. त्यात वरचा थर अर्धवट शिजून घट्ट होतो आणि तोच दाणा धरून ठेवतो. आत मात्र कच्चे पीठच असते. जादा पाण्यात हा थर सुटतो.

म्हणून एक वाटी साबुदाणा दोन-तीन पाण्यांनी हलक्या हाताने धुवावा, म्हणजे सुटे पीठ जाते. पाणी निथळून, दाणे जेमतेम बुडतील एवढेच नवे पाणी घालून चार-पाच तास झाकून ठेवावा. दाणा चिमटीत सहज चिरडला आणि मध्ये कणी लागली नाही, की भिजला. अर्धी ते पाऊण वाटी दाण्याचे कूट, मीठ आणि साखर कढईत टाकण्याआधीच चोळावी. कूट ओल शोषते आणि दाणे सुटे राहतात. तुपात जिरे, मिरची, बटाट्याच्या फोडी शिजल्यावर साबुदाणा घालून मध्यम आचेवर परतावा. दाणे पारदर्शक दिसले की लगेच उतरवावा. त्यापुढची दोन मिनिटे त्याला चिवट करतात. 'नायलॉन' नावाने मिळणारा साबुदाणा खिचडीला घेऊ नये, तो चिवड्याचा.

जुने काय हवे असेल, तर वरी (म्हणजेच भगर), शिंगाडा आणि सुरण आहेत. लेखात वरीचा उल्लेखही नाही, याचे फार वाईट वाटले. एक वाटी वरी धुऊन, निथळून, तुपावर हलकी भाजून अडीच ते तीन वाट्या आधणाच्या पाण्यात शिजवली, की मोकळा भात होतो. सोबत दाण्याची आमटी. भगरीचे तयार पीठ मात्र पावसाळ्यात साठवू नये. दमट हवेत त्याला बुरशी धरते आणि उपवासाच्या दिवशीच्या विषबाधेमागे बरेचदा तेच असते. अख्खी वरी आणून, निवडून, लागेल तेवढीच दळावी.

कळावे,
एक वाचक, सातारा