त्या दिवशी तुम्ही डोळ्याचा पडदा पाहिलात म्हणून

डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

मी तुमच्याकडे आले ती चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून. चार महिने डोकं दुखत होतं. सकाळी उठताना आणि खोकताना जास्तच. रोज वेदनाशामक गोळ्या घेऊन घेऊन डोकेदुखी आणखी चिवट झाली होती. खाली वाकून उठलं की दोन-चार सेकंद समोरचं सगळं करडं व्हायचं. कानात नाडीच्या ठेक्यावर सूं-सूं आवाज यायचा, पण तो सांगणं मी सोडून दिलं होतं, कारण आधी जिथे सांगितला तिथे ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकायला मिळालं. तुम्ही मात्र आपणहून विचारलंत, “कानात आवाज येतो का?” मला तिथेच रडू फुटलं.

तक्त्यावरची शेवटची ओळ मी नीट वाचली होती. तुम्ही तिथेच थांबला असतात तर कुणी दोष दिला नसता. पण तुम्ही थेंब घातलेत, दिवे मालवलेत आणि दोन्ही डोळ्यांचे पडदे पाहिलेत. डोळ्याची नस जिथे पडद्याला मिळते ती तबकडी सुजलेली होती, कडा पुसट झालेल्या. या सुजेत मधली नजर बराच काळ शाबूत राहते, कडेची आधी जाते, म्हणून तक्ता फसवतो, हे तुम्ही मला फोटो दाखवून सांगितलंत. आणि त्याच दिवशी एमआरआयला पाठवलंत.

गाठ नव्हती. शिरांच्या तपासणीत गुठळीही नव्हती. मग कुशीवर झोपवून कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढलं, त्याचा दाब निघाला पाण्याच्या उंचीत 36 सेंटिमीटर. मोठ्या माणसात 25 च्या वर गेला की तो वाढलेला धरतात. आजाराचं नाव ‘इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन’, म्हणजे कारण न सापडता कवटीच्या आतला दाब वाढणं. ते ऐकून मी गोंधळले, तेव्हा बाहेर रांग असतानाही तुम्ही कागदावर कवटी काढून दाखवलीत. मेंदूभोवती आणि मणक्यात मिळून हे पाणी जेमतेम दीडशे मिलिलिटर असतं, पण दिवसाला जवळपास अर्धा लिटर नवं तयार होतं आणि जुनं शिरांमधून निघून जातं. कवटी पसरू शकत नाही. ही ये-जा बिघडली की दाब वाढतो आणि डोळ्याच्या नसेवर येतो. नेमकं का बिघडतं, हे पूर्ण उलगडलेलं नाही, हेही तुम्ही सरळ सांगितलंत. “कारण सापडलेलं नाही म्हणजे त्रास खोटा आहे असं नाही.” चार महिन्यांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. पूर्वी या आजाराला ‘सौम्य’ असं विशेषण लावत, पण त्यानं नजर जाऊ शकते म्हणून ते मागे पडलं, हेही तेव्हाच कळलं.

आता वजनाबद्दल, कारण खरं तर त्यासाठीच हे पत्र लिहितेय. माझं वजन दोन वर्षांत बरंच वाढलं होतं आणि त्यावरून मी खूप ऐकून घेतलं होतं. दवाखान्यातही. तुम्ही विषय काढलात तेव्हा मी मान खाली घातली. पण तुम्ही आधी विचारलंत, “वजनाबद्दल बोललं तर चालेल?” मग एखाद्या औषधाचा डोस सांगावा तसं सांगितलंत: किती कमी झालं तर दाब उतरण्याची शक्यता वाढते, घाई का करायची नाही, आहारतज्ज्ञ कशी मदत करतील. ‘तुमच्यामुळे झालं’ असा सूर एकदाही नव्हता. ज्या गोष्टीची लाज वाटत होती ती उपचार म्हणून हातात आली, आणि मला ती करता आली.

ॲसिटाझोलामाइडची गोळी मेंदूभोवतीचं पाणी कमी तयार व्हावं म्हणून होती. बोटांना मुंग्या येतील, सोडा पेयांची चव बिघडेल, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत, म्हणून मी घाबरून गोळी बंद केली नाही. गोळीनं भागलं नाही आणि नजर घसरू लागली तर शस्त्रक्रियेचा मार्ग आहे, हेही लपवलं नाहीत. कडेपर्यंतची नजर मोजणारी ती कंटाळवाणी फील्ड टेस्ट मात्र दर वेळी चुकू दिली नाहीत.

आज अकरा महिने झाले. वजन चौदा टक्क्यांनी उतरलंय, गोळी तुमच्या सल्ल्यानं हळूहळू बंद झाली, फील्डमधला काळा डाग आक्रसलाय. डोकं अजून कधीकधी धरतं. दाब उतरला तरी डोकेदुखी मागे रेंगाळू शकते, हे तुम्ही सांगितलं होतं, म्हणून आता जीव घाबरा होत नाही. कानातला आवाज मात्र पूर्ण गेला. पहिल्या रात्री ती शांतता ऐकत मी कितीतरी वेळ जागी होते.

मनापासून आभार, मॅडम. पुढच्या तपासणीला येतेय. थेंब घातल्यावर धूसर दिसतं, म्हणून सोबत बहिणीला आणेन. तिलाही तुम्हाला भेटायचंय.

आपली कृतज्ञ,
एक पेशंट