राज्यमार्ग तुकड्यांत मंजूर करू नका

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक बांधकाम,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

अर्थसंकल्प आणि पुरवणी मागण्यांबरोबर येणाऱ्या रस्त्यांच्या याद्या मी नेमाने वाचतो. (हा छंद घरच्यांना कळत नाही, पण असो.) त्यातली ओळ साधारण अशी असते: ‘अमुक ते तमुक रस्ता, रामा (म्हणजे राज्यमार्ग), किमी 12/00 ते 14/500 मध्ये सुधारणा करणे.’ मग पहिल्या बारा किलोमीटरचं काय? आणि 14/500 ला रस्ता संपतो, की मतदारसंघ? अडीच किलोमीटर गुळगुळीत आणि पुढे आदळआपट, असा रस्ता वापरणाऱ्याच्या काही कामाचा नसतो. ऊस कारखान्यावर न्यायचा असो की बाळंतीण तालुक्याला, गाडीचा वेग ठरतो तो सगळ्यात वाईट तुकड्यावरून. उरलेल्या भागाला मंजुरी येईपर्यंत पहिल्या तुकड्याचा दोषदायित्व कालावधी (ज्यात बिघाड कंत्राटदारानेच दुरुस्त करायचा असतो) उलटून गेलेला असतो.

1943 साली देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले, तेव्हा त्यांच्या योजनेत विचार रस्त्यांच्या अख्ख्या जाळ्याचा झाला होता. शेतीच्या भागातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून लांब राहू नये, हा त्या योजनेचा एक निकष होता. पुढे राज्यानेही 1961-81, 1981-2001 आणि 2001-21 असे वीस-वीस वर्षांचे आराखडे आखले. आता मात्र आराखडा म्हटलं की दर्जोन्नतीच डोळ्यांपुढे येते. इजिमाचा (इतर जिल्हा मार्गाचा) प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग) होतो, प्रजिमाचा राज्यमार्ग होतो. कागदावर रस्ता पायरी चढतो आणि मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जायच्या वाटा), साइडपट्ट्या, गटारं बहुतेकदा होती तशीच राहतात. डांबराचा खरा वैरी पाणी. मोरी तुंबलेली ठेवून वर नवा थर टाकणं म्हणजे पुढच्या जूनची सोय करून ठेवणं.

जे राज्यमार्ग ‘तत्त्वतः’ राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर झाले, त्यांची गत आणखी वाईट. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. केंद्राची अंतिम अधिसूचना नाही, म्हणून तिकडचा पैसा नाही. आणि उद्या जाणारच आहे म्हणून इकडेही कुणी मोठं काम हाती घेत नाही.

एक मार्ग एकसंध उभा करता येतो, हे याच राज्याने दाखवलं आहे. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. डिसेंबर 2022 मध्ये शिर्डीपर्यंत, जून 2025 मध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा. पण आखणी एक होती, जबाबदार यंत्रणा एक होती. शक्तिपीठ महामार्गाचा वाद इथे काढत नाही. पण द्रुतगती मार्गावरून उतरल्यावर माणूस जातो तो राज्यमार्गानेच, एवढं लक्षात असू द्यावं.

जाळं म्हणजे काय, ते करूळ घाटाने दाखवलं. हा घाट तळेरे-गगनबावडा-कोल्हापूर राष्ट्रीय महामार्गावरचा. 2024 मध्ये कामासाठी घाट बंद झाला आणि वाहतूक भुईबावडा आणि फोंडा घाटांकडे वळली. मोठा रस्ता बंद पडला की भार सोसायला धाकटेच रस्ते पुढे येतात. तेव्हा घाट बंद करण्याच्या तारखेआधी वळणमार्ग किती वजन पेलेल, हे कागदावर आलेलं असावं. रस्त्याची झीज आसाच्या (ॲक्सलच्या) वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, हे आपल्या अभियंत्यांना सांगायला नको. 2018 मध्ये केंद्राने चार टायरच्या एका आसाची मर्यादा 10.2 वरून 11.5 टन केली. ऐकायला 1.3 टन, पण झीज दीडपटीहून अधिक. मर्यादा वाढली तेव्हा जुन्या राज्यमार्गांची जाडी कुणी वाढवली? मर्यादेबाहेर भरलेल्या गाड्यांबद्दल तर बोलायलाच नको.

माझी मागणी छोटी आहे. मंजुरी मार्गाला द्या, तुकड्याला नाही. पैसा एकदम नसेल तर पाच वर्षांत द्या, पण पहिल्या गावापासून शेवटच्या गावापर्यंत क्रम आधी ठरवा आणि मतदारसंघाच्या वेशीवर तो मोडू देऊ नका. त्यात मोऱ्या आणि गटारं आधी, डांबर नंतर. आमदारांची नाराजी ओढवेल, याची कल्पना आहे. ती आपणच झेलू शकता, म्हणून तर हे पत्र खात्याच्या सचिवांना न लिहिता आपल्याला लिहिलं.

सुरुवात देवगड-निपाणी राज्यमार्गापासून करावी. फोंडा घाटातून जाणाऱ्या या रस्त्याचा आपल्या हद्दीपर्यंतचा प्रत्येक किलोमीटर एका तक्त्यात मांडा: शेवटचं काम कधी झालं, दोषदायित्व कधीपर्यंत आहे, कोणत्या मोऱ्या निकामी आहेत. येत्या अर्थसंकल्पाच्या यादीला तो तक्ता जोडलेला दिसावा, ही विनंती.

आपला,
राज्यमार्गांवरून नेहमी येणारा-जाणारा एक नागरिक