काटा कपाटावर ठेवलास, त्याबद्दल

प्रिय मॅडम,

(तू माझ्या लेकीहून दोनच वर्षांनी मोठी, मला काकू म्हणतेस. पण जिममध्ये तू मॅडमच.)

काल ड्रेस शिवायला टाकला. शिंपीणबाईंनी टेप लावली, वहीतलं जुनं माप पाहिलं आणि म्हणाल्या, "कंबर तीन इंच कमी आणि दंड अर्धा इंच जास्त? माझं मागचं माप चुकलं की काय!" तेव्हाच ठरवलं, तुला लिहायचं.

आठ महिन्यांत वजन 66 चं 64.5. बस्स, एवढंच. तिसऱ्या महिन्यात तर काटा जागचा हलेना, म्हणून मी फी परत मागायच्या बेतात होते. तू काटा उचलून कपाटावर ठेवलास आणि हातात मोजपट्टी दिलीस. "काकू, चरबी जातेय, स्नायू वाढतायत. काट्याला त्यातलं काही कळत नाही." मला ते तेव्हा पटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. कारण आधी एका ठिकाणी सूप-काकडीवर दोन महिन्यांत 7 किलो उतरवले होते. चरबीबरोबर अंगातली ताकदही गेली, आणि वर्षभरात ते 7 किलो आणखी दोघांना घेऊन परत आले.

तू भात बंद कर म्हणाली नाहीस. प्रोटीन किती, विचारलंस. मी ऐटीत सांगितलं, आमच्याकडे रोज वरण असतं! वाटीभर पातळ वरणात जेमतेम 5 ग्रॅम, हे तू हिशेब मांडून दाखवलंस. मी दिवसाला 40 ग्रॅमवर होते, तुला 90 हवे होते. मग तीनच्या दोन पोळ्या झाल्या आणि ताटात पनीर, झुणका, सोया वड्या आल्या. (वड्या आमच्या ह्यांना अजून चालत नाहीत.) सोमवारच्या उपवासाला तू हसली नाहीस, फक्त साबुदाण्याऐवजी दही, दूध आणि राजगिरा सुचवलास.

अडीच किलोच्या डंबेल्सनी सुरुवात केली होती. दर पंधरवड्याला तू वहीत किलो-दोन किलो वाढवून लिहायचीस, आणि मी कुरकुरले की आधी "काल झोपलात किती?" विचारायचीस. आता डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून सरळ उभं राहायचं) 40 किलोवर आहे. परवा डिलिव्हरीवाला भरलेला सिलेंडर उंबऱ्यात टाकून गेला. तीसेक किलोचं ते धूड मीच ओट्यापर्यंत नेलं. ह्यांना हाक मारायचं लक्षातच आलं नाही.

शिंपीणबाईंना तुझा पत्ता दिलाय. त्या गुरुवारी येतील. काटा तोवर खाली काढू नकोस.

तुझी,
संध्याकाळी सहाच्या बॅचमधली काकू