पाणमांजराचा काठ कोणत्या खात्याचा?

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

2020 साली शासनाने दोडामार्ग तालुक्यातलं 29.53 चौरस किलोमीटर जंगल ‘तिलारी संवर्धन राखीव’ म्हणून जाहीर केलं. बरं वाटलं. पण तिलारी नदी जंगलाच्या हद्दीपाशी थांबत नाही. साटेली-भेडशी, मणेरी करत ती माडा-पोफळींच्या बागांमधून गोव्यात उतरते आणि पुढे शापोरा होते. या खालच्या पट्ट्यातही पाणमांजरं आहेत. तिथली वाळू महसूल खात्याची, पाणी जलसंपदेचं, मासे मत्स्यव्यवसायाचे. प्राणी तेवढा आपला, पण त्याच्या पायाखालची जमीन आपली नाही.

पाणमांजर पाण्यात राहतं असं आपण म्हणतो, पण त्याचा निम्मा संसार काठावर असतो. त्याच्या अंगावर चरबीचा थर नाही, ऊब सगळी दाट केसांची. म्हणून पाण्याबाहेर आलं की ते कोरड्या वाळूत लोळून अंग सुकवतं. सगळं कुटुंब ठरावीक खडकावर किंवा पुळणीवर विष्ठा टाकतं. त्या जागी माशांचे खवले आणि कुर्ल्यांच्या कवचाचे तुकडे पडलेले असतात, आणि वास असा की वाऱ्यावरच कळतं. आपली हद्द ते याच वासाने सांगतात. पिल्लं मात्र काठावरच्या झाडांच्या मुळांखालच्या बिळात.

ही पिल्लं बहुतेक हिवाळ्यात होतात. नेमकं तेव्हाच नदीचं पाणी उतरतं, पुळणी उघड्या पडतात आणि वाळूसाठी डंपर नदीत उतरतात. चंबळ नदीवर रेडिओ कॉलर लावून झालेल्या अभ्यासात पिल्लांसह मादीचा वावर सुमारे साडेपाच किलोमीटर निघाला, नराचा 17. म्हणजे नर लांब निघून जाईल, लेकुरवाळी मादी कुठे जाणार? माणसांची वर्दळ वाढली की दिवसाउजेडी शिकार करणारं हे जनावर पहाट-संध्याकाळ धरतं. पण वाळू रात्रीच उपसली जात असेल, तर तीही वेळ त्याच्या हातून जाते.

वाळूपेक्षा मला जास्त राग येतो तो नदीच्या कोंडीत, म्हणजे खोल डोहात, जिलेटीन फोडणाऱ्यांचा आणि ब्लीचिंग पावडर ओतणाऱ्यांचा. 1897 च्या मत्स्य कायद्यातच स्फोटकं आणि विष टाकून मासे मारायला बंदी होती. कोंडीतले लहानमोठे सगळे मासे एका दुपारी संपले की पाणमांजर उपाशी, आणि जाळं टाकणारा आमचा गाववालाही. मग ते त्याच्याच जाळ्यातला मासा ओढतं, जाळं फाटतं, आणि शिव्या खातो तो ऊद, म्हणजे हेच पाणमांजर. जाळं महाग असतं हो. भरपाईचा विचार झाला नाही, तर लोकांनी त्याच्यावर माया करावी ही अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करायची?

पुराची भीती खरी आहे. 2021 मध्ये चिपळूणचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. गाळ काढू नका असं कुणी म्हणत नाही. पण दोन्ही काठ जेसीबीने एकसारखे तासून वर काँक्रीटची भिंत घातली की बिळाला जागाच उरत नाही, आणि हे काम करण्याआधी वनखात्याला विचारायची पद्धत कागदावर असली तरी काठावर दिसत नाही.

2019 मध्ये या प्राण्याचं नाव साइटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. चांगलंच झालं. पण तिलारीत त्याच्या कातड्याला गिऱ्हाईक आहे म्हणून तो अडचणीत नाही, काठ जातोय म्हणून आहे.

तेव्हा विनंती अशी. वाळूगट, म्हणजे वाळू उपशासाठी द्यायचे पट्टे, ठरण्याआधी वनरक्षकांनी नदीकाठ पायी फिरून बिळांच्या आणि विष्ठेच्या जागा नकाशावर घ्याव्यात, आणि तो नकाशा जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर पोचावा. त्या जागांच्या आजूबाजूला डिसेंबर ते मार्च यंत्रं नकोत, रात्रीचे दिवे नकोत. फाटलेल्या जाळ्याचा पंचनामा होऊन पैसे मिळावेत. पर्यटन विभागालाही जरा आवरा. एक रील फिरली की दुसऱ्या रविवारी ड्रोन आणि बोटी येतात, त्यांच्या मागे खाऊच्या पिशव्या आणि मोकाट कुत्रे.

बिळं कुठे आहेत ते या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. आपले वनक्षेत्रपाल आले तर आम्ही सोबत येऊन दाखवू. पाणी उतरायच्या आत यावं.

आपला,
तिलारीकाठचा एक रहिवासी